विंग मिटली की हात काय करतात

पॅराग्लायडरची विंग हवेत अर्धी मिटली की माणसाचे दोन्ही हात खाली जातात. काय झालं ते डोक्याला कळायच्या आधी जातात. पडतोय असं वाटलं की हाताला लागेल ते घट्ट धरायचं आणि आपल्याकडे ओढायचं, ही शरीराची फार जुनी खोड आहे. इथे हाताला लागतात ते ब्रेक, म्हणजे विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्यांच्या मुठी. ते दोन्ही कचकन ओढले की जी अर्धी विंग धड होती, तीही उडायची थांबते.

मी इंदूरला फिजिओथेरपिस्ट आहे. मनगट मोडलेली माणसं माझ्याकडे वर्षभर येत असतात. बाथरूममध्ये पाय घसरला, हात पुढे टेकला, मनगटाच्या जरा वर हाड मोडलं. कॉलिस फ्रॅक्चर. कसं झालं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "हात कधी पुढे गेला कळलंच नाही हो." खरंच कळत नाही. त्यामुळे पॅराग्लायडिंगमधल्या अडचणींवर लिहायचं ठरवलं तेव्हा मला हातांपासूनच सुरुवात करावीशी वाटली. अमुक झालं तर तमुक करा, ही यादी आमच्या सरांनी कामशेतला पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतली होती. पण पाठ केलेलं डोक्यात राहतं, आणि हवेत पहिला सेकंद हातांच्या ताब्यात असतो. हातांना शिकवावं लागतं ते वेगळं, आणि त्यातलं बरंचसं जमिनीवर, डोंगर नसलेल्या आमच्या इंदुरातही शिकवता येतं.

आधी विंग मिटते का ते बघू. पॅराग्लायडरला सांगाडा नाही, दांडे नाहीत. नायलॉनचं कापड आणि दोऱ्या, बस. पुढच्या कडेला एका ओळीत तोंडं असतात, उडताना त्यातून हवा आत शिरते आणि त्या दाबावर सगळा आकार उभा राहतो. हवा समोरून, किंचित खालून येत राहिली की सगळं ठीक. पण थर्मलच्या काठावर, जिथे वर चढणारी हवा संपून खाली उतरणारी सुरू होते, तिथे हवा अचानक वरून लागते आणि पुढची कड खाली दुमडते. हा कोलॅप्स. याच्या बरोबर उलटी गत म्हणजे स्टॉल. विंग इतकी हळू झाली, तिचा हवेशी कोन इतका वाढला, की वरच्या पृष्ठभागाला हवा धरून राहत नाही. हेच एका बाजूला झालं तर स्पिन. हवेत जे काही घडतं त्यातलं बहुतेक या दोन टोकांपैकी एकापासून सुरू होतं.

दोन्हींत मोठा फरक आहे. कोलॅप्स हवा घडवते आणि साध्या, नवशिक्यांच्या विंग त्यातून बहुधा आपणहून बाहेर येतात. स्टॉल मात्र बहुतेक वेळा माणसाचे हात घडवतात. खरा घात होतो तो पहिल्यातून दुसऱ्यात गेल्यावर: विंग मिटली, घाबरून ब्रेक ओढले, उरलेली बाजू स्टॉल झाली, आणि मग जे सुरू होतं ते कोणत्याही यादीत नीट बसत नाही.

विंगला स्वतःला उडायचंच असतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात जबरदस्त उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. १४ फेब्रुवारी २००७ ला मनिला गावाजवळ एवा विश्निएर्स्का या जर्मन पायलटला वादळी ढगाने ९,९४६ मीटरपर्यंत ओढून नेलं. एव्हरेस्टच्याही वर. ऑक्सिजन नाही, अंगावर बर्फ, आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्या बेशुद्ध. शुद्धीवर आल्या तेव्हा हातात ब्रेकही नव्हते, आणि विंग उडत होती. त्याच वादळात 'हे चोंगपिन' नावाचे चिनी पायलट दगावले, म्हणून ही गोष्ट साहसकथा म्हणून सांगू नये असं मला वाटतं. कोणी ढगाशी खेळू नये हाच तिचा पहिला अर्थ. पण शिकणाऱ्याला धीर देणारी एक गोष्ट त्यात आहेच. वर कोणी काही करत नव्हतं, तरी कापड उघडं राहिलं.

माझा स्वतःचा मोठा कोलॅप्स हिमाचलमधल्या बीरचा. इंदूरहून बीरला जायचं म्हणजे मालवा एक्सप्रेसने पठाणकोट कॅन्ट आणि तिथून पुढे बस. बिलिंगचं टेक-ऑफ साधारण २,४०० मीटरवर आहे, खाली बीर हजारेक मीटर खोल. ऑक्टोबरची अखेर होती, हवा मार्च-एप्रिलपेक्षा कितीतरी सभ्य. मी डोंगररांग उजवीकडे ठेवून चालले होते. आधी उजव्या हातातला ब्रेक सैल पडला. म्हणजे हात तिथेच होता, ब्रेकमधला ताण गेला. लगेच उजव्या मांडीखालची सीट खाली बसली आणि मी त्या बाजूला कलंडले. वर सुकं कापड झटकल्यासारखा आवाज. पाहिलं तर उजवी बाजू निम्म्याहून जास्त खाली लोंबत होती, दोऱ्या ढिल्या, आणि नाक हळूहळू उजवीकडे, म्हणजे डोंगराकडे वळायला लागलं होतं.

मी डावा कुल्ला सीटमध्ये दाबला. एवढंच. अंगाचं वजन धड असलेल्या बाजूखाली आणलं. डावा हात जिथे होता तिथून थोडासा खाली, साधारण कानापाशी, आणि तिथेच थांबवला. वळण थांबलं. नाक दरीकडे आलं. उजवी बाजू अजून लोंबतच होती आणि तिची मला घाई नव्हती, कारण अर्ध्याहून कमी विंगवर मी सरळ उडत होते. मग उजवा ब्रेक एकदा लांब, खोल, खाली मांडीपर्यंत ओढून परत वर सोडला. मधल्या कप्प्यांत हवा भरत टोकापर्यंत गेली आणि शेवटचा कप्पा फट् करून उघडला. व्हेरिओ, म्हणजे चढ-उतार सांगणारं यंत्र, ओरडत होता. उंची गेली ती तीस-चाळीस मीटर असेल.

या सगळ्यात क्रम महत्त्वाचा. आधी दिशा, नंतर कापड. मिटलेली बाजू ओढ लावते, विंग तिकडे वळते, आणि डोंगर जर त्याच बाजूला असेल तर तुमच्याकडे फार थोडे सेकंद असतात. नजर मात्र वर मिटलेल्या कापडावर खिळते आणि हात तिकडेच पंप करायला धावतो. मिटलेली विंग घेऊन सरळ उडणारा माणूस अडचणीत आहे, पण त्याच्याकडे वेळ आहे. उघडत्या विंगसकट डोंगरावर जाणाऱ्याकडे वेळ नाही. पायाखाली स्पीड बार, म्हणजे वेग वाढवायची दांडी, दाबलेला असेल तर तो सोडणं याच्याही आधी येतं. आणि धड बाजूचा ब्रेक लागेल तेवढाच. तिकडे आता अर्ध्या कापडावर पूर्ण माणूस टांगलेला आहे, एरवी चालतो तेवढा ब्रेक तिला चालत नाही. जास्त ओढला की तीच बाजू स्टॉल होऊन स्पिन.

आता हे हातांना शिकवायचं कसं?

आमचं घर रामबागेत आहे, जुनं. पुढच्या खोलीत सागवानी तुळईला झोपाळ्याच्या लोखंडी कड्या आहेत. झोपाळ्याची फळी काढून त्या साखळ्यांना मी हार्नेसचे (पायलट बसतो ती पट्ट्यांची सीट) कॅराबिनर अडकवते आणि बसते. ब्रेकच्या जागी क्लिनिकमधले थेराबँड बांधते. रबराचे हे पट्टे ताणाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांत येतात: पिवळा हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा. दोन्ही बाजूंना हिरवा बांधला की ब्रेकचा दाब हाताला साधारण खरा वाटतो. दादाचा मुलगा मागे उभा राहतो. तो कॉलेजात आहे, माझ्या मागे लागून तोही उडायला शिकलाय. मी डोळे मिटते. तो न सांगता एका बाजूचा पट्टा सोडवतो आणि त्याच बाजूला हार्नेस खाली खेचतो. ताण गेला, सीट बसली, अंग कलंडलं. हवेत येतात त्याच तीन खुणा, त्याच क्रमाने. मी विरुद्ध कुल्ला दाबायचा, त्या बाजूचा हात किंचित खाली आणून थांबवायचा, तीन मोजायचे, आणि मगच मोकळा हात लांब ओढायचा.

सुरुवातीला त्याचे दोन्ही हात दर वेळी छातीपर्यंत खाली. "आत्या, मला माहितेय काय करायचं ते, हातच ऐकत नाहीत." अगदी हेच वाक्य मी लकव्यानंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्या माणसांकडून पायांबद्दल ऐकलंय. याला एकच उपाय मला ठाऊक आहे: थोडं थोडं, रोज, आणि वेळ न सांगता. एका दिवशी तासभर लटकून फार उपयोग होत नाही. रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं, आणि कोणती बाजू जाणार हे माहीत नसताना, याचा होतो. माहीत असेल तर डोकं मध्ये येतं. हळूहळू त्याचा हात कानापाशी थांबायला लागला. आई सोफ्यावर बसून वाती वळत हे सगळं बघायची, आणि मग तीच मध्ये "डावी!" म्हणून ओरडायला लागली, खेचलेली असायची उजवी. हीसुद्धा उत्तम तयारी आहे. रेडिओवरची सूचना आणि अंगाला लागलेली ओढ जुळत नसेल तर अंगाचं ऐकायचं.

त्याच कड्यांवर रिझर्व्हचा सराव. रिझर्व्ह म्हणजे हार्नेसमध्ये घडी करून ठेवलेलं दुसरं पॅराशूट. चार गोष्टी: हँडल बघ, पकड, ओढून काढ, मोकळ्या हवेत फेक. आणि फेकताना हँडल हातातून सोड. हे शेवटचं सांगावं लागतं, कारण घाबरलेली मूठ सुटत नाही. यातलं 'बघ' कोणी गाळू नये. हात सवयीने जिथे जातो तिथे हँडल असेलच असं नाही. थंडीच्या जाड हातमोज्यात मांडीचा पट्टा आणि हँडल सारखेच लागतात.

खुर्चीत बसल्यासारखं लटकून हे करणं सोपं. फिरत्या विंगखाली नाही. विंग एका बाजूने आवळली जाऊन स्पायरलमध्ये गेली तर सेकंदाला १५ मीटरहून जास्त वेगाने खाली येते आणि अंगावर तिप्पट भार सहज येतो. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतो. ६० किलोच्या माणसाचा हात ३ किलोंचा धरला तर तिथे तो ९ किलोंचा होतो, आणि तो हात खाली हँडलपर्यंत नेऊन बाहेर फेकायचाय. म्हणून मी मनगटाला वाळूचे पट्टे, व्यायामाला वापरतो ते, बांधून हा सराव करून घेते. यावरून एक गोष्ट पटते: फेकायचं असेल तर लवकर. दोन-तीन गिरक्यांत वळण थांबत नसेल आणि खाली उंची नसेल तर अजून एक प्रयत्न करून बघू हा विचार मनात येऊ द्यायचा नाही. १५० मीटर म्हणजे त्या वेगात १० सेकंद, आणि रिझर्व्ह उघडायलाही त्यातलीच उंची लागते. अडचण कोणती आहे यावर रिझर्व्हचा निर्णय ठरत नाही, खाली किती उरलंय यावर ठरतो. उंच असताना क्रावॅट, म्हणजे कोलॅप्सनंतर विंगचं टोक दोऱ्यांत अडकून बसणं, शांतपणे सोडवता येतो. तोच क्रावॅट कामशेतच्या टॉवर हिलसारख्या कमी उंचीच्या टेकडीसमोर झाला आणि विंग फिरायला लागली, तर थेट फेकायचं.

क्रावॅट झाला की पुन्हा तेच: आधी दिशा धरायची, मग खोल पंप, नाही सुटलं तर टोकाला जाणारी स्टॅबिलोची दोरी ओढायची. ती बऱ्याच विंगांवर वेगळ्या रंगाची असते. तुमच्या विंगवर कोणती ते जमिनीवरच बघून ठेवा. समोरची पूर्ण कड एकदम दुमडली, म्हणजे फ्रंटल, तर हात वर आणि थांबा, बहुतेक विंग आपणहून उघडतात. पॅराशूटल स्टॉलबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा जास्त लिहिते. विंग वर पूर्ण उघडी दिसते, पण पुढे उडत नसते, नुसती खाली बसत असते. कानातला वारा बंद होतो, ब्रेक मऊ लागतात. भिजलेल्या विंगला किंवा जुन्या, हवा गाळणाऱ्या कापडाला हे होतं. वळायला ब्रेक लावला तर स्पिन. हात पूर्ण वर, स्पीड बार दाबायचा किंवा पुढच्या ए रायझरना (विंगच्या पुढच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) पुढे ढकलायचं, म्हणजे ती पुन्हा उडायला लागते. वारा थांबल्यासारखा वाटणं ही इथली धोक्याची खूण आहे, आणि नवशिक्याला नेमकं तेव्हाच हायसं वाटतं.

विंगवर जो ए, बी, सी, डी असा दर्जा छापलेला असतो तो चाचणी पायलटने शांत हवेत मुद्दाम कोलॅप्स करून ठरवलेला असतो, आणि तो लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेतच लागू असतो. ए दर्जाची विंग घेतली म्हणजे काळजी मिटली असं समजणारे भेटतात. ती विंग तुम्हाला वेळ देते. त्या वेळात हात काय करतील ते तिच्या हातात नाही.

झोपाळ्याच्या कडीवर शिकता येत नाही ती एकच गोष्ट: शूट. मागे पडलेली विंग पुन्हा उडायला लागते तेव्हा झेप घेऊन डोक्याच्या पुढे जाते. ती पुढे जात असताना ब्रेक एकदा ठाम ओढून थांबवायची आणि लगेच सोडायची. ती मागे असताना मात्र हात वर. वेळ चुकली, मागे असतानाच ओढलं, तर पुन्हा स्टॉल. हे मी नेपाळमध्ये पोखऱ्याला एसआयव्हीत शिकले. एसआयव्ही म्हणजे उड्डाणातल्या घटना पाण्यावर मुद्दाम घडवून बघायचा कोर्स. सारंगकोटवरून उडून फेवा तलावावर यायचं, अंगात लाइफ जॅकेट, खाली बोट तयार, कानात प्रशिक्षकांचा आवाज. एका बाजूचे ए रायझर स्वतःच्या हाताने खाली ओढून विंग मिटवायची. पहिल्यांदा ओढताना बोटं उघडतच नव्हती, आपल्याच हाताने आपली फांदी तोडायला बोटं तयार होत नाहीत. नंतर कळलं की मिटलेली विंग घेऊन तलावावर सरळ रेषेत उडता येतं, गप्पा मारता येतील इतकं. ज्याला परवडेल त्याने नवी विंग घेण्याआधी हा कोर्स करावा, असं मी प्रत्येकाला सांगते, आणि त्याचा प्रवासखर्च धरूनही तो महाग नाही असं माझं ठाम मत आहे.

शूटची सवय जमिनीवर थोडीफार लागते ती ग्राउंड हँडलिंगने. वाऱ्याकडे तोंड करून विंग डोक्यावर उभी करायची आणि तिथे धरून ठेवायची. ती पुढे झेपावते, थांबवायची, ती मागे पडते, सोडायचं. इंदूरजवळ सिमरोलकडे ओळखीच्यांचं शेत आहे. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघालं आणि गहू-हरभरा पेरायचा बाकी असला की काही दिवस ते मोकळं असतं. काळ्या मातीतली सोयाबीनची कापलेली खुंटं फार टोकदार असतात, बारीक दोऱ्या त्यांत अडकतात आणि वरचं आवरण सोलून निघतं, म्हणून आधी बांधालगतचा एक पट्टा साफ करून घ्यायचा. गहू निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये शेत पुन्हा मोकळं मिळतं. तेव्हा सकाळी नऊच्या आत काम संपवायचं, किंवा थेट संध्याकाळी यायचं. दुपारी माळव्यात वावटळी उठतात. आपल्याला दिसते ती धूळ, खरी वावटळ म्हणजे जमिनीपासून उठणारा गरम हवेचा फिरता खांब. हार्नेस घालून, विंग जोडून उभ्या असलेल्या माणसाला ती उचलून आपटते. जगात अशी माणसं नुसत्या सपाट मैदानावर जिवाला मुकली आहेत. वावटळ दूर दिसली तरी विंगवर लोळण घ्यायची, दोऱ्यांसकट गोळा करायची. बघत उभं राहायचं नाही.

गेल्या नोव्हेंबरात बीरला दादाच्या मुलाला रिझर्व्ह फेकावं लागलं. मी खाली लँडिंगला होते. रांगेच्या वर त्याची विंग डावीकडून मिटलेली दिसली, उघडली, आणि टोक अडकलेलंच राहिलं. एक गिरकी. दुसरी. मी रेडिओ तोंडाशी धरला होता, पण तेव्हा त्याच्या कानात मी बोलणं म्हणजे आणखी एक ओझं, म्हणून बोलले नाही. तिसरी गिरकी निम्मी झाली असेल, पांढरं काहीतरी बाजूला निघालं आणि उघडलं. तो नंतर म्हणाला, "आत्या, हात आधी मांडीच्या पट्ट्यावर गेला. मग खाली बघितलं, तेव्हा हँडल दिसलं." त्या सहलीला त्याने मित्राचं हार्नेस घेतलं होतं, हँडल त्याच्या नेहमीच्या जागेपेक्षा पुढे होतं. हार्नेस बदललं की आधी त्यात लटकायचं, मग उडायचं, हे आमच्या घरात आता लिहून भिंतीला लावलंय.

रिझर्व्ह उघडल्यावर काम संपत नाही. मिटलेली विंग पुन्हा फुगून रिझर्व्हच्या विरुद्ध बाजूला ओढते, दोन्ही एकमेकांपासून लांब जातात आणि पडण्याचा वेग वाढतो. म्हणून ब्रेक किंवा मागचे रायझर गुंडाळून विंग आपल्याकडे ओढून घ्यायची. त्याने तेवढं केलं. युरोपीय मानकाप्रमाणे रिझर्व्ह सेकंदाला जास्तीत जास्त ५.५ मीटरने खाली आणतं. हिशोब केला तर ती सुमारे दीड मीटरवरून मारलेली उडी होते. पाय जुळवून, गुडघे सैल ठेवून, जमिनीला लागताच कुशीवर लोळायचं: पाऊल, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू. हात जमिनीला टेकायचे नाहीत. आमच्या अंगणातल्या ओट्यावरून आम्ही हे सतत करत असतो, आणि मी दर वेळी त्याचे हात बघते. तो शेवटी चिडाच्या झाडात उतरला. झाडात अडकलेल्याने स्वतःहून खाली यायचा प्रयत्न करू नये. त्याने हार्नेसचा पट्टा फांदीला बांधला आणि गावातली माणसं दोर घेऊन येईपर्यंत तिथेच बसून राहिला. पोटऱ्यांवर ओरखडे, बाकी काही नाही.

त्या रात्री तो भरपूर बोलला आणि भरपूर जेवला. भीती चार-पाच दिवसांनी आली, इंदुरात, जिन्यावरून उतरताना. असं होतं, आणि ते आधी सांगून ठेवायला हवं. वहिनी म्हणाली, "ताई, आता पुरे म्हणा त्याला." मी म्हटलं, तो म्हणाला तर पुरे, आपण ठरवायचं नाही. मी त्याला 'लगेच परत उड' असंही म्हटलं नाही. मोडलेल्या मनगटावर प्लॅस्टर निघाल्याच्या दिवशी बादली उचलायला देत नाहीत. आधी सामान: रिझर्व्ह उघडून, वाळवून, जाणत्या माणसाकडून पुन्हा पॅक करून आणलं. विंगच्या दोऱ्यांची लांबी मोजून घेतली, कापडातून हवा किती गळते ते तपासून घेतलं. मग झोपाळ्याची कडी, पण आता त्याच्याच हार्नेसमध्ये. मग सिमरोलच्या बांधावर, पहाटे.

फेब्रुवारीत आम्ही कामशेतला गेलो. दुपारभर टेक-ऑफवर बसून नुसती हवा बघितली. संध्याकाळी वारा सपाट झाला तेव्हा तो उडाला. उंची मिळाल्यावर त्याने मुद्दाम एका बाजूची बाहेरची ए दोरी ओढून टोकाचा छोटा कान मिटवला, कुल्ला दुसरीकडे दाबला आणि टेकडीला समांतर सरळ गेला. मग तो सोडून दुसरा. खाली आल्यावर त्याने हातमोजे काढून तळवे दाखवले, घामाने पांढरे पडले होते. ऑक्टोबरात आम्ही दोघं पोखऱ्याला जाणार आहोत, त्याचं एसआयव्ही व्हायचंय. तोवर रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं, आणि पट्टा सोडवायचं काम आता वहिनीने घेतलंय.